नाकापेक्षा मोती जड

मैत्रिणींनो, आपल्या कर्जत-खालापूर भागात फार्महाऊस आली, तशी त्यांच्यामागोमाग शहरातली कुत्रीही आली. पूर्वी वाडीवर राखणीला गावठी मोती असायचा. भाकरतुकडा खायचा, रात्रभर भुंकायचा. आता कशेळ्याच्या रस्त्याला जा, कोंडिवड्याला जा, नाहीतर चौकच्या बाजूला, फाटकाआड बुलडॉग दिसतो. चपटं तोंड, आत दाबलेलं नाक, लोंबणारे गाल. चार पावलं चालला की घर्र घर्र आवाज. पोरं हसतात, म्हणतात, "काकू, हा जागेपणी घोरतो!"

हे घोरणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्या जनावराला खरोखरच श्वास पुरत नसतो. म्हणून हल्ली मोठ्या शहरांत अशा कुत्र्यांच्या नाकाचं आणि टाळूचं ऑपरेशन करतात. ऑपरेशन झालं, बिल भरलं, की मालकांना वाटतं काम संपलं. मग कुत्रा 'हवा चांगली आहे' म्हणून आपल्याकडे फार्महाऊसवर येतो आणि मालक सोमवारी मुंबईला परततात. पुढचे दिवस त्याच्याकडे बघणार कोण? तर तिथे राखणीला राहणाऱ्या माणसाची बायको. बचत गटाच्या कामानं मी वाड्यावाड्यांवर फिरते, तेव्हा या बायका भेटतात. "ताई, त्याच्या घशाचं काहीतरी कापलंय म्हणे. खायला काय घालू? रात्री फार आवाज करतो," असं विचारतात. तिला कोणी काही सांगितलेलंच नसतं. आजचा लेख तिच्यासाठी आहे, आणि तिच्या मालकिणीसाठीही.

आधी हा प्रकार काय ते बघू. ब्रिटनमध्ये बुलडॉग पूर्वी बैलांशी झुंजवायचे. १८३५ साली कायद्यानं तो खेळ बंद झाला. मग हे कुत्रे प्रदर्शनात मिरवायला आले आणि पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून त्यांचं तोंड आखूड करत नेलं. हाडं आखूड झाली, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. लहान पेटीत मोठी गोधडी कोंबावी तसं. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा. मऊ टाळू लांब, तो घशात लोंबून हवेची वाट अडवतो. जीभ जाड. काहींची श्वासनलिकासुद्धा अरुंद. जोर लावून लावून श्वास घेतल्यामुळे स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या बाहेर ओढल्या जातात आणि वाट आणखी बंद होते. पग आणि फ्रेंच बुलडॉगची गत हीच.

त्यात आपली हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरची ओल वाळवून तो अंग गार करतो. ज्याला साधा श्वास जड, तो धापा कशा टाकणार? एप्रिल-मेमध्ये कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात ऊन नसलं तरी हवा इतकी दमट की ओल वाळतच नाही. शिवाय वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. 'गावची मोकळी हवा' या कुत्र्याला मानवतेच असं नाही, हे शहरातल्या मंडळींनी लक्षात घ्यायला हवं. ऑपरेशन तातडीचं नसेल, तर ते थंडीत करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

ऑपरेशनमध्ये नाकपुड्या रुंद करतात, टाळूचा लोंबणारा भाग कापतात, गरज असेल तर त्या पिशव्याही काढतात. ऐकायला सोपं वाटतं. पण घसा म्हणजे श्वासाचा एकुलता एक रस्ता, आणि कापलेली जागा सुजते. पहिले चोवीस तास सर्वांत नाजूक. सूज फार वाढली, तर गळ्याला भोक पाडून तात्पुरती नळी बसवावी लागते. भुलीतून उठताना उलटी होऊन ती फुप्फुसात गेली, तर न्यूमोनिया होतो. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की ऑपरेशनच्या रात्री कुत्रा घरी आणायची घाई करू नये. रात्रभर जागं राहणारं माणूस आणि ऑक्सिजन जिथे आहे, तिथेच त्याला ठेवावं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ साली सुरू झालं. पण ते सगळं इथून बरंच लांब. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशी आणि शेळ्यांचाच भार मोठा. मध्यरात्री फार्महाऊसवर कुत्र्याचा श्वास अडकला, तर ती बाई कुठे धावणार?

आता घरी आल्यावर काय करायचं ते सांगते. डॉक्टर सांगतील तेच शेवटचं, पण साधारण पथ्यं अशी.

साधारण दोन आठवडे खाणं मऊ. सुकं, कडक, दाताला लागणारं काही नको, घशातल्या टाक्यांना ते घासतं. पण पातळ पेजही नको, ती श्वासाच्या वाटेला जाऊ शकते. मऊ अन्नाचे लहान लहान गोळे करून, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्यावं. उकडलेलं चिकन आणि मऊ भात चालतो, पण त्यात कांदा-लसूण नको, तो कुत्र्याला बाधतो. कालचा रस्सा भातावर ओतून देणं म्हणूनच वाईट. खाऊन झाल्यावर लगेच खेळायला सोडू नये.

हळदीचं दूध, काढा, मध असलं काही चमच्यानं तोंडात ओतायचं नाही. माया म्हणून आपण ते करतो, पण ठसका लागला की जिवावर बेततं. नाकाला बाम चोळू नये, वाफारा देऊ नये. आपल्या घरातल्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत, त्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात. आणि अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

गळ्यात पट्टा बांधायचा नाही, साखळी तर नाहीच. बाहेर न्यायचंच, तर छातीवरून बांधायचा हार्नेस हवा. नेणंही शी-शूपुरतं, पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. त्याला भुंकू देऊ नका, म्हणजे भुंकायला कारण देऊ नका. शनिवार-रविवारचे पाहुणे, डीजे, दुसरी कुत्री या सगळ्यांपासून दूर, पंख्याखाली, गार फरशीवर ठेवा. डॉक्टरांनी गळ्याभोवती प्लास्टिकची कॉलर दिली असेल, तर कीव येऊन काढू नका, नाहीतर तो नाकाचे टाके ओरबाडील.

थोडा आवाज आणि थोडा गुलाबी फेस पहिले काही दिवस दिसू शकतो. पण जीभ निळी-जांभळी पडली, मान लांब करून पोटानं ओढून श्वास घेऊ लागला, उलट्या थांबेनात, खोकला सुरू झाला किंवा खाणं टाकून पडून राहिला, तर सकाळची वाट बघायची नाही. झोपेत असताना घड्याळ लावून त्याचे श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर आणि तसेच टिकून राहिले, तर डॉक्टरांना फोन करा. उन्हानं लोळागोळा झाला, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला.

वाचताना तुमच्या लक्षात आलंच असेल, ही सगळी आपलीच कामं आहेत. बाळंतिणीची, पोराच्या गोवराची, सासूच्या पडलेल्या मांडीच्या हाडाची. शुश्रूषा म्हटली की ती बाईच्या अंगावर येते, आणि 'त्यात काय एवढं' म्हणून मोजलीही जात नाही. डॉक्टरांच्या कामाला फी असते. पण पुढचे दोन-तीन आठवडे रात्री उठून श्वास मोजणाऱ्या बाईला काय मिळतं? नवऱ्याच्या पगारातच तिचं काम धरलेलं. आणि उद्या त्या कुत्र्याचं बरंवाईट झालं, तर 'तुम्ही लक्ष दिलं नाही' हे ऐकायलाही तीच. ज्या जनावराची किंमत तिच्या नवऱ्याच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराएवढी, त्याची जबाबदारी तिच्यावर टाकायची, आणि माहितीचा एक कागदसुद्धा द्यायचा नाही, याला काय म्हणावं?

काहीजणी म्हणतील, "इथे माणसांना वेळेवर दवाखाना मिळत नाही, अन् तुम्ही कुत्र्याच्या नाकाचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. पाड्यावरच्या बाळंतिणीला गाडी मिळणं हे या कामापेक्षा मोठंच. पण त्या मुक्या जनावरानं काही स्वतः असलं नाक मागून घेतलेलं नाही. आणि दुसरं म्हणजे, हा प्रश्न त्या बाईचाही आहे. तिला न विचारता तिच्या रात्री कोणीतरी वापरतंय.

म्हणून मालक-मालकिणींना माझं सांगणं आहे. पहिले दोन आठवडे कुत्रा स्वतःच्या घरी, स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवा. ते शक्यच नसेल, तर डॉक्टरांकडून मराठीत लिहून आणा. औषध किती वाजता, खाणं किती, कोणती लक्षणं दिसली तर कोणाला फोन करायचा. त्या बाईला डॉक्टरांशी एकदा बोलू द्या. रात्री-बेरात्री वापरता येईल अशी गाडी आणि फोन उचलणारं माणूस ठेवा. आणि तिच्या जागरणाचे वेगळे पैसे द्या. तिची माया तर ती देतेच, पण ती फुकट आहे असं समजू नका.

आणि आपल्याकडच्या मैत्रिणींनाही दोन शब्द. २००३ साली 'हच'च्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घरोघरी पगची हौस सुरू झाली. आता कर्जत-खोपोलीतही 'एक जोडी पाळली तर पिल्लं चांगल्या भावाला जातात' असं बोललं जातं. हा जोडधंदा करण्याआधी विचार करा. बुलडॉगच्या बहुतेक माद्यांची सुटका पोट फाडूनच करावी लागते. पिल्लं विकायची, तर २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, ऑपरेशननं त्या एका कुत्र्याचा श्वास सुधारतो, त्याच्या रक्तातलं नाक बदलत नाही. पिल्लं पुन्हा तेच नाक घेऊन येतात. ऑपरेशन झालेल्या कुत्र्याची पैदास करूच नये. त्याची नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारून घ्यावं. नेदरलँड्समध्ये तर फारच आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायला २०१९ पासून मनाई आहे. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल, मागणी कमी करणं मात्र आपल्या हातात आहे.

ऑपरेशन झालं तरी हा कुत्रा गावठी कुत्र्यासारखा कधी होत नाही, हेही समजून घ्या. पुष्कळांचा त्रास खूप कमी होतो, झोप शांत लागते. पण थोडं घोरणं राहतं, उन्हाची भीती जन्मभर राहते, आणि वजन वाढलं की सगळं मूळपदावर येतं. तेव्हा टेबलावरचं बिस्किट आणि शेवटचा तुपाचा घास बंद. ते प्रेम नव्हे.

नाकापेक्षा मोती जड, असं आपण म्हणतो. माणसाच्या हौसेनं इथे तेच झालं, आणि ते ओझं एका मुक्या जिवाला वाहावं लागतंय. ज्यांनी असा कुत्रा आधीच आणला आहे, त्यांनी त्याला नीट सांभाळावं. अजून आणला नसेल आणि दाराशी कुत्रा हवाच असेल, तर आपल्या गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घ्या, लस टोचून आणा. त्याला या हवेत श्वास घ्यायला कोणाचं ऑपरेशन लागत नाही.