पासष्ट रुपयांचे दोनशे पस्तीस कसे झाले?



वस्तीत कामानिमित्त फिरताना आम्हाला एक तक्रार वरचेवर ऐकू येते. वडील मंडळी म्हणतात, "आमच्या काळचे सिनेमे मुले बघतच नाहीत. ब्लॅक अँड व्हाइट म्हटले की उठून जातात." मुलांना विचारावे तर ती म्हणतात, "रविवार आला की पप्पा जबरदस्तीने जुना पिक्चर लावतात आणि मध्येच थांबवून भाषण करतात." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. आमच्या घरात तर दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. तेव्हा आज दुसऱ्याचे न सांगता घरचाच हिशेब तुमच्यापुढे मांडतो.

साल १९८९ असावे. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. जयंतीच्या आठवड्यात चाळीच्या मंडळाने घरटी पाच रुपये वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हिडिओ भाड्याने आणला. सोबत तीन कॅसेटी. दोन मारामारीच्या, त्या पोरांच्या पसंतीच्या. तिसरी आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मंडळाच्या पोरांशी भांडून आणायला लावलेली. सिनेमाचे नाव 'दो बिघा ज़मीन'. रात्री दोनच्या सुमारास दुसरा सिनेमा संपला आणि सगळी पोरे सतरंजीवर तिथल्या तिथे आडवी झाली. दादांनी आम्हाला दंडाला धरून उठवले. "ऊठ. खरा सिनेमा आता हाय."

आम्ही डोळे चोळत बसलो. आजूबाजूला जागी म्हणावी अशी सात-आठ माणसे. बहुतेक दादांच्या वयाची आणि बहुतेक बंद पडलेल्या गिरण्यांतली.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९५३ सालचा हा सिनेमा बिमल रॉय यांनी काढला. स्वतः जमीनदाराच्या घराण्यात जन्मलेल्या या माणसाने जमीनदार गरिबाला कसा नागवतो ते दाखवले. शंभू नावाच्या शेतकऱ्याकडे फक्त दोन बिघे जमीन. बंगालचा बिघा म्हणजे एकराचा साधारण तिसरा हिस्सा, तेव्हा दोन बिघे म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीस गुंठे. जमीनदाराला गिरणी उभारायची आहे आणि शंभूचा तुकडा नेमका मधे येतो. शंभू विकायला तयार नाही म्हटल्यावर जमीनदार कर्जाची वही काढतो. शंभूच्या मते देणे ६५ रुपये. घरातली भांडीकुंडी आणि बायकोच्या कानातले विकून तो पैसे घेऊन जातो, तर वहीत आकडा २३५! जमीनदाराच्या घरी तो जे राबला ते जमेला धरलेले नाही. खाली शंभूचा अंगठा. प्रकरण कोर्टात जाते. कोर्ट कागद बघते, माणूस बघत नाही. तीन महिन्यांत पैसे भरा, नाहीतर जमीन लिलावात.

मग शंभू पैसे कमवायला कलकत्त्याला जातो आणि हातरिक्षा ओढतो. पोरगा बूटपॉलिश करतो. शंभूचे काम केले बलराज साहनी यांनी. इंग्रजीत एम. ए. झालेला, लंडनच्या बीबीसीत नोकरी केलेला हा माणूस. या कामासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरी रिक्षा ओढायला शिकला. सिनेमात जमीन शेवटी जातेच. जाताना शंभू आपल्या जागेची मूठभर माती उचलतो, तर राखणदार तीही नेऊ देत नाही.

त्या ठिकाणी दादा रडत. नेहमी रडत. त्या रात्री एवढेच म्हणाले, "शंभूची जमीन गिरणीपायी गेली. आपली तर गिरणीच गेली."

दादा एका गिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि त्यातून जे अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले त्यांतले ते एक. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. पण त्या रात्री आम्हाला गिरणीचे काही कळत नव्हते. आमच्या डोक्यात एकच अडले होते. घरी जाताना आम्ही विचारले, "दादा, शंभूने पावती का नाही घेतली?"

दादा जिन्यात थांबले. म्हणाले, "ह्योच सवाल तुला पडावा म्हनून उठवला."

आणि मग त्या जिन्यात बसून त्यांनी आम्हाला प्रथमच सांगितले की, आमच्या आज्याने लेकीच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले होते आणि फेडायला दोन पावसाळे त्याच्या वाड्यावर राबला होता. राबण्याची नोंद कुठेच नाही. अंगठा मात्र वहीत. दादा सतराव्या वर्षी, १९६२ साली, मुंबईला आले ते त्या अंगठ्यापायी. इथे आल्यावर त्यांनी मॅटिनीला हा सिनेमा पाहिला आणि आपल्या बापाला पडद्यावर ओळखले. फरक एवढाच, दादा म्हणाले, की शंभूकडे दोन बिघे तरी होते.

वाचकहो, आम्ही पुढे बी. कॉम. झालो त्याची सुरुवात त्या जिन्यात झाली असे आम्ही मानतो. दादांना सहीपुरतेच लिहिता येई. पण त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात खोलीच्या भाड्याच्या पावत्या, गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, तिकीट नंबर, युनियनची पावती, रेशनकार्डाची जुनी पाने, सगळे सुतळीने बांधलेले. आई म्हणायची, "हा उकिरडा टाका आता." दादा टाकू देत नसत. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघाले आणि २०१२ साली म्हाडाची पहिली सोडत झाली, तेव्हा चाळीतल्या कामगारांचे अर्ज भरायला आम्ही बसत होतो. कित्येकांनी उभी हयात गिरणीत घालवली, पण दाखवायला एक चिठ्ठी नव्हती. म्हातारी माणसे आमच्यासमोर नुसते हात पुढे करून दाखवत. आमच्या दादांचा अर्ज मात्र एका बैठकीत भरून झाला. चिठ्ठी अजून निघालेली नाही, तो भाग निराळा. दादा २०१७ साली गेले. डबा आमच्या कपाटात आहे.

आता आमच्या मुलीची गोष्ट.

मुलगी सतरा वर्षांची आहे. तिलाही आम्ही जुने सिनेमे दाखवतो. दाखवतो म्हणजे काय, लावतो आणि बसवतो. दोन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी आम्ही 'सुजाता' लावला. हाही बिमल रॉय यांचाच, १९५९ सालचा. नूतन आणि सुनील दत्त. फिल्मफेअरचा उत्तम चित्रपटाचा, दिग्दर्शनाचा आणि नूतनला अभिनयाचा, असे पुरस्कार मिळालेला. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली अस्पृश्याची तान्ही मुलगी एका उच्चवर्णीय इंजिनिअरच्या घरी वाढते. घरधनी प्रेमळ. घरधनीण, म्हणजे आपल्या सुलोचनाबाई, तीही वाईट नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख करून देताना ती सुजाताला 'मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. त्या एका 'सारखी'वर सगळा सिनेमा उभा आहे. शेवटी ती बाई जिन्यावरून पडते, रक्त लागते, पोटच्या मुलीचे जुळत नाही आणि सुजाताचे जुळते. तेव्हा कुठे ती तिला पोटाशी धरते.

या प्रसंगी आमचे डोळे भरून आले. आम्ही मुलीकडे पाहिले. तिचे डोळे कोरडे.

ती म्हणाली, "पप्पा, रक्त जुळलं म्हणून मुलगी झाली. नसतं जुळलं तर?"

आम्ही गप्प. ती पुढे म्हणाली, "आणि जीव द्यायला निघालेली सुजाता गांधीजींच्या पुतळ्याजवळ थांबते. सिनेमा १९५९ चा ना? नागपूरची दीक्षा १९५६ ची. मग यात बाबासाहेब कुठे आहेत?"

आम्हाला राग आला. खरे सांगतो, प्रश्नाचा नाही आला, उत्तर नव्हते त्याचा आला. आम्ही टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "तुम्हा पोरांना कशाची किंमत नाही." मुलगी उठून आत गेली. दोन दिवस ती आमच्याशी कामापुरतेच बोलली. मुलीची आई म्हणाली, "सभेत सांगता, प्रश्न विचारायला शिका. घरात विचारला तर टीव्ही बंद?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत व्हाउचरे तपासताना आम्हाला जिना आठवला. दोन यत्ता शिकलेला गिरणी कामगार मुलाचा प्रश्न ऐकून भल्या पहाटे जिन्यात बसतो आणि आपल्या बापाची लाजेची गोष्ट सांगतो. आणि आम्ही, पदवीधर कार्यकर्ते, टीव्ही बंद करतो! दादांनी आम्हाला सिनेमा दाखवला नव्हता. सिनेमाच्या आडून स्वतःची गोष्ट सांगितली होती आणि प्रश्न विचारण्याची मुभा दिली होती. आम्ही मुलीकडून सिनेमाला नुसती मान डोलवून घेऊ पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुलीला सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आमच्याकडे नाही. पण सिनेमा अर्धाच झालाय आपला. त्यात एक नाच आहे, तो पुन्हा बघू." 'सुजाता'त टागोरांच्या 'चंडालिके'चा प्रवेश आहे. भगवान बुद्धांचा शिष्य आनंद तहानलेला येतो आणि प्रकृती नावाच्या चांडाळ कन्येकडे पाणी मागतो. ती म्हणते, मी हलक्या जातीची. तो म्हणतो, मी पाणी मागितले, जात विचारली नाही. मुलीने तो भाग पाहिला. मग आम्ही कपाटातून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला आणि प्रकृतीच्या धम्मदीक्षेचे पान तिच्यापुढे ठेवले. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. मुलगी बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आनंदला रक्त जुळवून बघावं लागलं नाही."

एवढे आम्हाला सतराव्या वर्षी सुचले नसते. दहा वेळा 'सुजाता' पाहूनही सुचले नव्हते.

त्यानंतर तिने अट घातली. तुमचा एक, माझा एक. तिने 'फँड्री' लावला. नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २०१३ सालचा, म्हणजे तिच्या हिशेबाने तोही जुनाच! त्यातला जब्या डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीपुढून जातो आणि भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र आहे. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याच अंगावर येतो. आम्ही सुन्न झालो. मुलीने पडदा थांबवला नाही, भाषणही केले नाही. नुसती शेजारी बसून राहिली. सिनेमा कसा दाखवावा ते आम्ही तिच्याकडून शिकलो.

तेव्हा वडील मंडळींना आमचे एवढेच सांगणे आहे. आपला आवडता जुना सिनेमा मुलांना जरूर दाखवा. तो तुमच्या वेळचा म्हणून थोर आहे असे मात्र सांगू नका. तो तुम्हाला का लागला ते सांगा. थिएटरात कुणाबरोबर गेला होता, खिशात किती पैसे होते, कुठल्या प्रसंगी आपले घर आठवले, ते सांगा. आपल्या घरातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याही वहीत लिहिलेल्या नाहीत. त्या अशाच एखाद्या सिनेमाच्या निमित्ताने बाहेर येतात, नाहीतर आपल्याबरोबर जातात. आणि मुलाने उलटा प्रश्न केला तर टीव्ही बंद करू नका.

मुलांनाही एक विनंती. वडील तिसऱ्यांदा तोच सिनेमा लावतात तेव्हा कंटाळा येतो हे आम्हाला मान्य. पण कधीतरी पडद्याकडे न बघता वडिलांकडे बघा. ते कुठे गप्प होतात ते ध्यानात ठेवा आणि सिनेमा संपल्यावर तेवढेच विचारा.

परवा मुलीने दादांचा डबा उघडून गिरणीची एक चिठ्ठी काढली आणि आम्हाला विचारले, "पप्पा, हा 'खाडा' म्हणून पगार कापलाय, त्या दिवशी आजोबा कुठे गेले होते?"

चिठ्ठीवर डिसेंबर महिना होता. तारीख ६. तिला आम्ही बसवून घेतले आणि सांगायला लागलो.

जयभीम!