अंगाईचा आशय कोणाला हवा असतो?

लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न आलटूनपालटून येत असतो: 'अंगाईगीतांतून व्यक्त होणारे वात्सल्य सोदाहरण स्पष्ट करा.' मीही तो अनेकदा काढला आहे आणि उत्तरांना सढळ हाताने गुण दिले आहेत. आता मात्र तो प्रश्न विचारणेच चूक आहे असे वाटू लागले आहे.

भाचीच्या बाळंतपणात एका रात्री वीस दिवसांच्या बाळाला शांत करण्याची पाळी माझ्यावर आली. संग्रहांतली डझनभर अंगाईगीते पाठ होती; ती एकामागून एक म्हटली. बाळ रडतच राहिले. सकाळी न्हाऊ घालायला आलेल्या मावशींना हे सांगितले, तेव्हा त्या हसल्या. "ताई, सारखं बदलता कशाला? एकच धरायचं." त्यांनी बाळाला पायांवर घेतले, थोपटत नुसता 'अंऽऽ अंऽऽ' असा स्वर धरला. काही वेळातच बाळाचे डोळे मिटले.

यात गूढ काही नाही. नवजात अर्भकाला आईच्या आवाजाची ओळख गर्भातच झालेली असते, शब्दार्थाची नसते. झोका, थोपटणे, सारखा येणारा स्वर, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचते.

हे आपल्या वाङ्मयाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर गुरुकृपेला आई कल्पून तिचे स्तवन करतात. ती साधकाला दूध पाजते, अनाहताचा 'हल्लरू' गाते आणि समजूत घालून समाधीत निजवते. येथे आपण वर्गात योगाची परिभाषा उलगडण्यात रमतो (ते आवश्यकही आहे), पण एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. अनाहत म्हणजे आघातावाचून उमटणारा नाद. त्याला शब्द नाहीत. घरातली अंगाई कान देऊन ऐकलेली असल्यावाचून हे रूपक सुचणार नाही, असे माझे मत आहे.

बारशाचा पाळणा निराळा. तो जमलेल्या बायकांनी म्हणायचा. त्यात राम, कृष्ण, शिवाजी येतात, दिवसांची क्रमवार वर्णने येतात. तेथे आशयाची चर्चा रास्तच आहे. (त्या गर्दीत बाळ पुष्कळदा रडत असते आणि पाळणा काही थांबत नाही!) अंगाई म्हणणारी मात्र बहुधा एकटी असते आणि तिच्या श्रोत्याला भाषा येत नसते. म्हणूनच तिला त्यात सासरचा जाच, माहेरची ओढ, स्वतःचा शीण, काहीही घालता येते. अशा ओळी आपण वात्सल्यरसाच्या खणात टाकून मोकळे होतो आणि त्या बाईचे गाऱ्हाणे ऐकायचे राहून जाते. दोन्ही प्रकार एकाच प्रकरणात कोंबल्याचा हा परिणाम आहे.

दुसरे नुकसान छपाईत होते. संग्रहात ध्रुपद एकदाच छापले जाते, पुढे 'ध्रु.' एवढी खूण. प्रत्यक्षात गाणारी तेच पुन्हापुन्हा म्हणते, मूल पेंगू लागले की लय संथ करते आणि ओळ अर्ध्यावर सोडून देते. ही अर्धी ओळ संपादकाला त्रुटित वाटते. वास्तविक तेथे मूल झोपलेले असते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांपैकी कित्येक २०१७ पासून 'परी' संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसह येत आहेत. अंगाईसाठी असे काम कोणी हाती घ्यावे. तोवर निदान वर्गात तरी आधी ऐकावे, मग वाचावे.

यंदा मी विद्यार्थ्यांना घरातली वा शेजारची एक अंगाई ध्वनिमुद्रित करून आणायला सांगितले. एका मुलीने आजीचे नऊ मिनिटांचे मुद्रण आणले. त्यात अर्थ लागेल असे शब्द चारच आहेत. त्याला दहापैकी किती गुण द्यावेत, यावर आमच्या विभागात अजून एकमत झालेले नाही.