शिंतोडे

कुणावर शिंतोडे उडवणं माझ्या स्वभावात नाही. पण लाकडी माशावर ते कशानं उडवावेत, या प्रश्नावरून मी मिशिगनमध्ये जावयाशी तब्बल तीन आठवडे भांडलो, आणि माझं म्हणणं मी अजून मागे घेतलेलं नाही.

आमच्या जावईबुवांना ल्यूर बनवण्याचा नाद आहे. ल्यूर म्हणजे गळ लावलेली खोटी मासळी. त्या मुलखात हा नाद जुना. मिशिगनमधल्याच डोवॅजिॲक गावी जेम्स हेडन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले आणि त्यातून पुढे ल्यूरचा कारखाना उभा राहिला. जावईबुवांनी कारखाना काढलेला नाही, पण घराच्या तळघराला कळा मात्र तीच आणली आहे. लाकूड तासणं, पोटात वजन बसवणं, तोंडाला प्लॅस्टिकची जीभ लावणं, इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. भांडण पेटलं ते ठिपक्यांवरून.

ब्रूक ट्राउट हा मिशिगनचा राज्यमासा. गडद हिरवट पाठीवर नागमोडी फिक्या रेघा, खाली फिके ठिपके, आणि मधूनच निळ्या वलयात बसवलेला लाल ठिपका. येवल्याच्या विणकरानं पाहिला तर तोसुद्धा क्षणभर माग थांबवील. हे सगळं वीतभर लाकडावर उतरवायचं, तेही एअरब्रशनं!

एअरब्रश म्हणजे फाउंटन पेनाच्या आकाराची पिचकारी. मागे नळी, नळीच्या टोकाला हवेचा पंप. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. रंगाचं असं तलम धुकं पडतं की पाठीचा हिरवा पोटाच्या पांढऱ्यात कुठे विरला ते कळत नाही. हे काम दुसऱ्या कशानं होणार नाही, मी कबूल करतो. माशावर जाळी ताणून वरून फवारलं की खवलेही झकास उठतात. तेही कबूल. शत्रूचे गुण मान्य करण्याइतका मी मोठ्या मनाचा आहे.

पण धुक्यातून ठिपके कसे पडणार? मग ही मंडळी काय करतात? हवेचा दाब २५-३० पौंडांवरून १० च्या खाली आणतात, रंग जरा दाट ठेवतात, पुढचं टोपण काढतात. मग ते यंत्र खोकतं, ठसकतं आणि थुंकायला लागतं. त्याची सगळी ऐट काय, तर ते थुंकत नाही. त्यासाठीच एवढे डॉलर मोजायचे, आणि घरी आणून त्याला थुंकायला शिकवायचं! या कामासाठी वेगळं टोपणसुद्धा विकत मिळतं. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात हीच कला लोक एका पानाच्या विड्यावर साधतात.

बरं, थुंकतं तरी धड का? पहिल्या दाबाला काही नाही, दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला नेमका माशाच्या डोळ्यावर टपोरा थेंब! शिवाय रंग बदलला की सुई काढा, धुवा, पुसा, पुन्हा बसवा. ठिपके मारायला पाच मिनिटं आणि यंत्राची आंघोळ अर्धा तास.

मी जुना टूथब्रश मागितला. शाळेत चित्रकलेच्या तासाला कागदावर पिंपळाचं पान ठेवून आपण सगळ्यांनीच ‘स्प्रे वर्क’ केलं आहे. तीच विद्या. ब्रशचे केस रंगात जेमतेम बुडवायचे, पहिले ढब्बू थेंब रद्दी पेपरावर झटकून टाकायचे, मग अंगठ्यानं केस मागे ओढून सोडायचे. जवळून सोडले तर दाट, लांबून सोडले तर विरळ. निळं वलय पेन्सिलीच्या बुडानं, वाळलं की त्यात लाल ठिपका खिळ्याच्या डोक्यानं. खर्च शून्य.

‘‘पण कंट्रोल राहत नाही, बाबा!’’ जावईबुवा म्हणाले.

अहो, ट्राउटच्या अंगावर तरी कुणाचा कंट्रोल आहे? एकाचे ठिपके दुसऱ्यासारखे नसतात. कंट्रोलनं काढलेले ठिपके लाडवातल्या कळ्यांसारखे एका मापाचे दिसतात. आणि मूळ मुद्दा असा की माशाला निसर्गानं ठिपके दिले ते त्यानं दिसू नये म्हणून. ते आपण दिसावी म्हणून पाण्यात टाकलेल्या मासळीवर काढतो! फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली बुचाच्या लाकडाची मासळी कोरली, तिला चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. जखमी माशासारखी ती लटपटत पोहायची, म्हणून मासे धावायचे. रापालांचं नाव जगभर झालं ते त्या चालीवर.

‘मग हौस करूच नये का?’ असं कुणी विचारील. जरूर करावी. माझा राग हौसेवर नाही, तिच्या परिणामावर आहे. परवाना काढून आम्ही तळ्यावर गेलो तेव्हा तो उघडा पडला. पाइक नावाचा दांडगा मासा पाणवनस्पतीत नाहीतर बुडालेल्या झाडाच्या आडोशाला दबा धरून बसतो. मासळी टाकायची तर तिथे, आणि अडकून तुटण्याची भीतीही तिथेच. जावईबुवांच्या हातात ११ संध्याकाळी खपून रंगवलेली ट्राउट. ते ती भर तळ्यात, मोकळ्या पाण्यात, जिथे काळं कुत्रं नाही तिथे टाकत होते. अर्ध्या तासात ठिपके मारलेल्या माझ्या मासळ्या मी बेधडक झाडात फेकल्या. दोन अडकल्या. ‘तळ्यात गळ सोडून येणं बरं नाही,’ हा जावईबुवांचा मुद्दा मात्र रास्त होता. होडी जवळ नेऊन मी एक सोडवली. दुसरी गेली ती गेलीच.

तिसरीला जोरदार हिसका बसला. मासा सुटला, पण मासळीच्या पाठीवर माझ्या ठिपक्यांमधून दातांचे चार लांब ओरखडे उठले होते. मी ती विजयी मुद्रेनं जावईबुवांच्या हातात दिली. त्यांनी उजेडात धरली, उलटसुलट फिरवली.

‘‘बाबा,’’ ते म्हणाले, ‘‘वरून एपॉक्सीचा आणखी एक हात द्यायला हवा होता.’’

यंदा पुन्हा जायचं आहे. बॅगेत कडक केसांचे सहा टूथब्रश टाकले आहेत, भाजणीच्या पिशवीखाली.