डोपामिनचे वळण, कंपवाताचा पेच

कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्सचे, निदान झाले की अनेक घरांत लवकरच एक वाद सुरू होतो. लेव्होडोपाची गोळी आताच सुरू करायची की जमेल तितकी लांबवायची? ‘ही गोळी चार-पाच वर्षेच लागू पडते, पुढे अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते,’ असे कुणीतरी नातेवाईक सांगतो. मग सध्या थांबून पाहू, किंवा अर्धीच घेऊ, असा मधला मार्ग निघतो. हात आखडलेला, चाल मंदावलेली, सदऱ्याचे बटण लावणेही कठीण झालेले, अशा अवस्थेत माणूस वर्ष-दोन वर्षे काढतो आणि औषध कपाटात पडून राहते. या भीतीत तथ्याचा अंश आहे. मात्र तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजून घ्यायचे तर डोपामिन मेंदूत नेमके काय करते, हे पाहावे लागते.

डोपामिनच्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि आयुर्वेदाला परिचित असलेली ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेत भरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंदावू लागल्या, अंग ताठरू लागले. लक्षणे हुबेहूब कंपवाताची. १९५७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे दगडासारखे निश्चल झाले. त्यांना लेव्होडोपा टोचताच थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. तोपर्यंत डोपामिन हा दुसरे रसायन तयार होतानाचा एक मधला टप्पा, एवढीच त्याची पत होती. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा मोठा तुटवडा दाखवून दिला. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत औषध देऊन अंथरुणाला खिळलेल्यांना चालते केले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

या देदीप्यमान यशाने एक गैरसमजही मागे ठेवला. डोपामिन म्हणजे मोटारीतले पेट्रोल. संपले की टाकीत ओतायचे. कंपवाताचे पुढचे सारे त्रांगडे या कल्पनेत बसत नाही.

मध्यमेंदूत ‘सबस्टँशिया नायग्रा’ नावाचा काळसर पट्टा असतो. तेथील पेशींचे तंतू मेंदूच्या खोल भागातील ‘स्ट्रायटम’पर्यंत जातात आणि तेथे डोपामिन सोडतात. स्ट्रायटममध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या चेतापेशी आहेत. एकीवर डी-१ हे ग्राही, दुसरीवर डी-२. पहिल्या प्रकारची वाट हालचालीला मोकळीक देते, दुसरी लगाम घालते. डोपामिन पहिलीला बळ देते आणि दुसरीला शांत करते. डोपामिन आटले की लगाम वरचढ ठरतो. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत प्रकाशकिरणांच्या साह्याने यातील एकेक वाट स्वतंत्रपणे चेतवून हे पडताळून पाहिले. अर्थात पाठ्यपुस्तकातील आकृतीइतका हा व्यवहार सुबक नाही. २०१३ मध्ये असे दिसले की हालचाल सुरू होताना दोन्ही वाटा एकाच वेळी जाग्या होतात. बहुधा एक हवी ती हालचाल पुढे करते आणि दुसरी बाकीच्यांना मागे रोखते.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे, कारण डी-२ ग्राहींना अडविणारी औषधे शहरी घरांत वाटते त्याहून अधिक आहेत. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रमाइड, चक्कर किंवा अर्धशिशीसाठीची सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, आणि आम्लपित्ताच्या कॅप्सुलीत जोडीने येणारे लेव्होसल्पिराइड. ती दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. औषध थांबविल्यावर बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. काहींच्या जबड्याच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली मात्र मागे राहतात. ‘पित्ताची साधी गोळी’ म्हणून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे तेच औषध आणणाऱ्यांनी ती चिठ्ठी एकदा डॉक्टरांना दाखवावी, हे बरे.

मूळ मुद्दा असा की, डोपामिन हालचाल घडविते तसेच मेंदूला वळण लावते. सायकल चालविणे, लिहिणे, जिना उतरणे या क्रिया अंगवळणी पडतात, तेव्हा मेंदूच्या बाह्य भागाकडून स्ट्रायटमकडे येणाऱ्या जोडण्यांपैकी काही पक्क्या होतात, काही सैल सोडल्या जातात. कोणती पक्की करायची आणि कोणती पुसायची, याचा कौल डोपामिन देते. ते वर्षानुवर्षे कमी पडले की मंडल चुकीचे धडे गिरवू लागते. रोगाची बाह्य लक्षणे दिसू लागतात तोवर त्या काळसर पट्ट्यातील पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो आणि मंडलाची फेररचना आधीच सुरू झालेली असते.

अशा मंडलात गोळी पोहोचते तेव्हा काय घडते? रक्तातील लेव्होडोपाचे प्रमाण सुमारे दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या सुरुवातीला शिल्लक पेशी ते साठवून पुरवून पुरवून वापरतात, त्यामुळे दिवसातून तीन गोळ्यांवर दिवस सुरळीत जातो. पेशी घटत गेल्या की हा साठा संपतो. मग डोपामिन लाटेसारखे चढते आणि ओसरते. अतिसंवेदनशील झालेले डी-१ ग्राही प्रत्येक भरतीला अवाजवी प्रतिसाद देतात. मान, खांदे, पाय नाचल्यासारखे हलू लागतात. वैद्यकात याला डिस्कायनेशिया म्हणतात. लेव्होडोपा सुरू केल्यावर चार ते सहा वर्षांत सुमारे ४० टक्के रुग्णांना तो होतो, असे जुने आकडे सांगतात. २००३ मध्ये रोममधील संशोधकांनी उंदरांमध्ये याचे एक मार्मिक कारण दाखविले. डिस्कायनेशिया झालेल्या प्राण्यांच्या स्ट्रायटममध्ये जोडण्या पक्क्या होत होत्या, पण त्या पुन्हा सैल करण्याची क्षमता हरवली होती. मंडल शिकत होते, पण विसरणे विसरले होते.

मग औषध उशिरा सुरू केले तर हे टळेल का? याचे उत्तर आफ्रिकेतील घानामध्ये मिळाले. तेथे अनेकांना लेव्होडोपा परवडत वा मिळत नसे, त्यामुळे उपचार सरासरी चार वर्षांहून अधिक काळाने सुरू होत. इटलीत तुलनेने बरेच लवकर. दोन्हीकडील रुग्णांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आला. आजाराला किती वर्षे झाली हे पाहिले, तर डिस्कायनेशिया आणि औषधाच्या परिणामातील चढउतार दोन्ही देशांत सारख्याच टप्प्यावर दिसू लागले. किती काळ गोळी घेतली याला फारसे महत्त्व नव्हते. महत्त्व होते आजाराच्या वयाला आणि वजनाच्या प्रमाणात दिलेल्या दैनिक मात्रेला. म्हणजे घानातील रुग्णांनी औषधाविना काढलेली वर्षे निव्वळ सोसली. त्यांची बचत कुठेही जमा झाली नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील एका चाचणीत लेव्होडोपा लगेच देणे आणि ४० आठवडे थांबून देणे यांची तुलना झाली. लवकर दिल्याने आजाराची वाटचाल मंदावली नाही, पण हानीही झाली नाही.

तेव्हा प्रश्न ‘कधी’ यापेक्षा ‘किती आणि कसे’ हा आहे. मात्रा हवी तेवढीच, आणि भरती-ओहोटी कमीत कमी. कंपवातावरील अलीकडच्या बहुतेक प्रयत्नांचा रोख याच दिशेने आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये त्वचेखालून २४ तास लेव्होडोपाचे रूप पुरविणाऱ्या पंपाला मान्यता मिळाली. दुसरा मार्ग थेट मंडलात हस्तक्षेप करण्याचा. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात भेसळयुक्त कृत्रिम मादक द्रव्य टोचून घेणारे काही तरुण एकाएकी गोठल्यासारखे झाले. दोषी द्रव्य एमपीटीपी निघाले आणि त्यामुळे माकडांमध्ये कंपवात निर्माण करून अभ्यासणे शक्य झाले. १९९० मध्ये महलोन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी अशा माकडांच्या मेंदूतील ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ हे अतिउत्तेजित ठाणे निकामी केले, तेव्हा ती पुन्हा हालचाल करू लागली. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून मेंदूत विद्युत्अग्रे बसवून कंप थोपविण्याचे तंत्र विकसित केले होते. १९९३ मध्ये ते याच ठाण्यावर वापरले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले उपकरण तर मेंदूतील लहरी वाचून विद्युत्प्रवाह स्वतःच कमी-जास्त करते.

भारतात ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत होते आणि तिचा खर्च काही लाखांत जातो. गोळी मात्र अजूनही स्वस्त आहे. म्हणूनच ती नीट वापरण्याला येथे अधिक मोल आहे. दिवसाची मात्रा लहान भागांत वाटून घेणे, पोटभर डाळ-पनीर किंवा मांसाहाराच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेणे (प्रथिने औषधाच्या शोषणात स्पर्धा करतात), डिस्कायनेशियासाठी गरजेनुसार अमँटाडिन, हे सारे मज्जाविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने येथेही शक्य आहे. खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाबाबतही सावध राहिले पाहिजे. ‘आयुर्वेदिक आहे, लेव्होडोपा नाही’ असे समजून ते घेतले जाते. वास्तविक त्या बियांतून लेव्होडोपा वेगळे केल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केले होते. गोळीसोबत असे चूर्णही सुरू असेल तर रुग्णाची खरी मात्रा कुणालाच ठाऊक नसते, डॉक्टरांनाही नाही.

सर्वांत दुर्लक्षित जागा रुग्णालयाची. हाड मोडले म्हणून किंवा न्यूमोनिया झाला म्हणून कंपवाताचा रुग्ण दाखल होतो आणि त्याच्या गोळ्या वॉर्डाच्या औषधफेरीच्या वेळांना बांधल्या जातात. सकाळी सहाची गोळी नऊला मिळते. तोवर अंग ताठरते, गिळणे अवघड होते, आणि वर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड टोचले जाते. नातेवाइकांनी दाखल होतानाच गोळ्यांच्या वेळा आणि टाळावयाच्या औषधांची नावे ठळक अक्षरांत लिहून केसपेपरला जोडावीत.