नाव मिळाले, रान चालले

इक्वेडोर, कोलंबिया आणि पनामा या देशांतल्या पाच सापांना २०२३ मध्ये शास्त्रीय नावे मिळाली. आलेहांद्रो आर्तेआगा आणि अबेल बातिस्ता या संशोधकांनी ‘झूकीज’ नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एका सापाला अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओने आपल्या आईचे नाव दिले आणि बातमी जगभर झळकली. या सापांच्या रानात सोन्या-तांब्यासाठी खोदकाम चालू आहे, हे मात्र बातमीच्या तळाशी राहिले.

हे साप बिनविषारी. अंगाने सडपातळ, डोळे मोठे, वावर रात्री झाडाझुडपांवर. खाणे गोगलगायी आणि शंख नसलेल्या गोगलगायी. शंखातल्या गोगलगायीचे मऊ अंग पकडायचे, खालचा जबडा शंखात सरकवायचा आणि त्याच्या दोन बाजू आळीपाळीने ओढत अख्खा जीव बाहेर काढायचा. शंख फोडावाच लागत नाही. माणसाला ते चावत नाहीत. घाबरले की वेटोळे घालून डोके चपटे करतात.

इतक्या नेमक्या आहारावर जगणाऱ्याला दुसरा घास नसतो. गोगलगाय ओलाव्यावर जगते. झाडे तोडली की सावली जाते, जमीन सुकते. ओढे गढूळ झाले की काठचे जीव संपतात. मग उरलेल्या झाडावर साप खाणार काय?

आग्नेय इक्वेडोरमधल्या नांगारित्सा नदीचे उदाहरण पाहा. आर्तेआगा २०१४ मध्ये तिथे गेले, तेव्हा ते रान अस्पर्श होते. काही वर्षांतच त्याच काठावर शेकडो बेकायदा खाणवाले यंत्रांनिशी ठाण मांडून बसले होते आणि काठाचा राडारोडा झाला होता. वास्तविक निसर्गाला हक्क देणारी राज्यघटना इक्वेडोरने २००८ मध्येच स्वीकारली. २०२१ मध्ये तिच्याच आधारे तिथल्या घटनात्मक न्यायालयाने लोस सेद्रोसचे जंगल खाणीपासून वाचवले. पण रात्रीत घुसणारा खाणवाला न्यायालयाला विचारून येत नाही.

पनामात खाणीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २८ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलोन प्रांतातल्या अवाढव्य तांब्याच्या खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला. खाण थांबली. ती पुन्हा उघडण्याची भाषा आता सुरू झाली आहे.

हे सारे दूरचे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या सोने-ग्राहकांत आपण आहोत. पेरू, बोलिव्हियासारख्या दक्षिण अमेरिकी देशांतून कच्चे सोने भारतात येते. एकदा वितळले की ते कोणत्या नदीकाठचे, हे ओळखू येत नाही. दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, उगम सांगत नाही. शुद्धतेसाठी जी सक्ती करता आली, ती उगमासाठी करता येणार नाही, हे आम्हाला पटत नाही. आयात होणाऱ्या प्रत्येक किलो सोन्यामागे खाणीची नोंद केंद्र सरकारने बंधनकारक करावी. आणि पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला सराफाच्या पेढीवर जाणाऱ्या प्रत्येकाने कॅरेटबरोबर एवढेही विचारावे : हे सोने आले कुठून?