डोंगर मोठा की कागद?



गेल्या काही बैठकांत एक बोलणं सारखं कानावर येतंय. "खाणी त्या गडचिरोलीत. आपल्याकडं काय हाय? काळा पत्थर अन् मुरूम. आपण आपापले वनपट्टे पदरात पाडून घेऊ, झालं." हे बोलणं खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आम्ही इथं मांडतो. त्यासाठी थोडं जमिनीच्या पोटात जावं लागेल आणि थोडं जुन्या काळात.

आधी आपली जमीन. लातूर आणि नांदेडचा बहुतेक भाग काळ्या पत्थरावर बसलाय. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा हा पत्थर. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल बोअर पाडलं. ३३८ मीटरपर्यंत काळाच पत्थर लागला आणि त्याच्या खाली लई जुना, करडा, पट्टे असलेला खडक. हाच जुना खडक देगलूर-बिलोलीकडं उघडा पडलाय. किनवटला पैनगंगेच्या बाजूनं चुनखडी आहे. काळ्या पत्थरातही लोखंड असतं, आपली माती तांबडी दिसते ती त्याच्यामुळंच. पण ते वितळवून काढण्याएवढं नसतं. त्यामुळं लोखंडाची खाण आपल्या तालुक्यात निघायची नाही, हे खरं.

मग आपल्याला काय त्याचं? ते कळायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहाऱ्याला चला. (ताडोब्याशेजारी कोळशासाठी गाजला तो लोहारा वेगळा.) नावातच सगळं आहे. इथं एक डोंगरी आहे, अर्ध्या मैलाहून कमी लांब, शंभर-सव्वाशे फूट उंच. पण ती जवळपास सगळीच कच्च्या लोखंडाची. इंग्रजांनी दगड तपासला तेव्हा शंभर भागांत सत्तरच्या आसपास लोखंड निघालं. अशा दगडाला हेमॅटाइट म्हणतात. दोन-अडीचशे कोटी वर्षांमागच्या जुन्या खडकांतला हा माल. आपला काळा पत्थर त्याच्यापुढं कालचं पोर.

हा दगड शोधायला कुणी साहेब आला नव्हता. त्या मुलखातले भट्टीवाले पिढ्यानपिढ्या तो फोडत होते. मातीची उंच भट्टी, खाली भाता, आत एक थर लाकडी कोळसा अन् एक थर दगडाचा चुरा. मळी वाहून गेली की लोखंडाचा गोळा उरायचा. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ त्याच्यातूनच. आपल्या निजामी मुलखातही हेच होतं. गोदावरीच्या पलीकडं, निझामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद बनायचं आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी गावात येऊन राहायचे. व्हॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टरनं हे १८२० च्या दशकात डोळ्यांनी बघून लिहून ठेवलंय. म्हणजे अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं, त्या माणसांचं पोलाद जहाजात बसून परदेशी जात होतं.

मग ह्या भट्ट्या विझल्या कशा? दगड संपला म्हणून नाही. एक तर रेल्वेनं विलायती लोखंड स्वस्तात आलं. दुसरं म्हणजे १८७८ चा जंगल कायदा आला. जंगल सरकारजमा झालं, लाकूड तोडायला परवाना, कोळसा पाडायला पैसे. भट्टीवाल्याचं अर्धं भांडवल म्हणजे जंगल. जंगल गेलं, मग भट्टी गेली, आणि डोंगर तिथंच उभा असून परका झाला. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. डोंगरावरचा हक्क डोंगर खोदून काढून घेतला नाही, आधी त्याच्या भोवतीचं जंगल कागदावर घेतलं.

१८८२ साली श्वार्ट्झ नावाच्या साहेबानं चांद्याच्या लोखंडावर अहवाल लिहिला आणि लोहारा सगळ्यात उत्तम म्हणून सांगितलं. तो अहवाल जमशेटजी टाटांनी वाचला. वरोऱ्याला दगडी कोळशाची खाण होती, लोहाऱ्याला लोखंड. दोन्ही जवळ, म्हणजे कारखाना काढावा असं त्यांच्या मनात आलं. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि सरकारच्या अटीही जाचक होत्या. वीस वर्षांनी अटी सैल झाल्यावर टाटांनी वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भवाला आणला. त्यानं लोहारा बघितला आणि सांगितलं, माल चोख आहे, पण मोठ्या कारखान्याला पुरायचा नाही.

पुढचं तर ऐकण्यासारखं आहे. दोराबजी टाटा ही बातमी सांगायला नागपूरला सरकारी कचेरीत गेले. साहेब जाग्यावर नव्हते म्हणून समोरच्या संग्रहालयात वेळ काढत बसले. तिथं भिंतीवर भूगर्भाचा नकाशा होता आणि त्याच्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण. त्या खुणेवरून ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पोचले. तिथून पुढं पी. एन. बोस यांच्या १९०४ च्या पत्रावरून मयूरभंजच्या गुरुमहिसानीला. तिथल्या लोखंडावर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला आणि १९११ च्या डिसेंबरात पहिलं लोखंड निघालं.

लोहारा गोंडांच्या मुलखात, राजहरा गोंडांच्या मुलखात, गुरुमहिसानी संथाळांच्या मुलखात. अहवाल, पत्र, नकाशा ह्या सगळ्या प्रवासात तिथल्या गावाला कुणी विचारल्याचं कुठं दिसत नाही. लोहाऱ्याला कारखाना आला नाही तो कुणी दया केली म्हणून नाही, कुठल्या कायद्यानं वाचवलं म्हणूनही नाही. नफ्याचं गणित बसलं नाही, एवढंच. आणि नकाशावरची खूण पुसली जात नसते. राजहऱ्याला टाटांनी तेव्हा सोडून दिलं होतं. पन्नास-साठ वर्षांनी भिलाईचा सरकारी कारखाना आला आणि तोच डोंगर फुटायला लागला. आज परवडत नाही म्हणून उद्या परवडणार नाही असं नाही.

आता काही तरुण साथी म्हणतात, "खाण आली तर रोजगार येईल. लोखंड आपल्याला पण लागतं की." लागतं, नाही कोण म्हणतं? पण राजहऱ्याला काय झालं ते बघा. हातानं दगड फोडणारे हजारो मजूर ठेकेदाराच्या हाताखाली होते. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगींच्या पुढारपणात आपली युनियन काढली. त्याच साली जूनमध्ये गोळीबार झाला, ११ जण मेले. पुढं मशिनी आणून माणसं काढायचं ठरलं, तर युनियनला त्याच्याशीही लढावं लागलं. मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल बांधलं. १९९१ साली नियोगींना झोपेत गोळी घातली. रोजगार मिळाला, पण त्यातला हक्काचा प्रत्येक घास भांडून मिळाला. आणि डोंगर तर कुणालाच परत मिळाला नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की खाण येते का नाही ही वाट बघत बसायचं नाही. त्याच्या आधी कागद आपल्या नावानं करायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात व्यक्तीच्या पट्ट्याबरोबर गावाच्या सामूहिक वनसंपत्तीचा हक्क आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं तो २००९ साली मिळवला. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती लागेल, असं केंद्राच्या पर्यावरण खात्याचं ऑगस्ट २००९ चं पत्रक होतं. २०१३ साली ओडिशाच्या नियमगिरीत काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराच्या बारांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. दुसरीकडं सुरजागडच्या ठाकूरदेवाच्या डोंगराचा भाडेपट्टा २००७ सालीच देऊन झाला आणि तिथली गावं पुढं झगडत राहिली.

आपल्याकडं लोखंड नाही, पण गिट्टी, मुरूम, वाळू आणि चुनखडी आहे. गिट्टीच्या खदानीचा भोंगा वाजला की टेकडी किती दिवस टिकते ते आपण बघतोच. ज्या अनुसूचित गावांना पेसा लागू आहे, तिथं अशा गौण खनिजाचा परवाना द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. १९९६ पासून हा कायदा आहे. तुमच्या गावात ही शिफारस कुणी मागितली, कधी मागितली, ठरावावर सह्या कुणाच्या आहेत, हे एकदा वही उघडून बघा.

व्यक्तीचा पट्टा सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण नुसता पट्टा म्हणजे डोंगराच्या पायथ्याचे दोन एकर. वरचा डोंगर दुसऱ्याच्या कागदावर राहिला, तर वरून दगड-माती येणार ती आपल्याच पट्ट्यात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हे करा. सामूहिक दाव्याचा अर्ज, जो २०१२ च्या सुधारित नियमांत वेगळा दिलाय, तो भरायला घ्या. निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. जुन्या माणसांना बोलवा. देवाची जागा, गुरं चारायची वाट, मोहाची झाडं, नाल्याचा उगम, टेकडीचं नाव, सगळं त्यांच्या तोंडून लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा नियमानं पुरावा आहे. आणि नकाशा आपला आपण काढा. शंभर वर्षांमागं नकाशा साहेबाच्या भिंतीवर होता, म्हणून डोंगर त्यांना दिसला आणि गाव दिसलं नाही. आता गाव दिसेल असा नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर पाहिजे.

जोहार!

– किनवट तालुक्यातले कार्यकर्ते