माझा नकार, तुमचा निकाल

गेल्या सप्टेंबरात मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक फोटो टाकला. काळ्या दगडाची बुटकी भिंत, मागे समुद्र, लाकडी टेबल, टेबलाभोवती आम्ही पाच जण आणि प्रत्येकासमोर वाईनचा एक ग्लास. माझ्यासमोरही होता. चव घ्यायला बसलेल्या प्रत्येकासमोर तो ठेवतातच. माझा ग्लास भरल्यापासून उचलून नेईपर्यंत तसाच होता, पण फोटोत ते दिसत नाही.

दोन तासांत मोहल्ल्याच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "भाई, आप भी?" रात्री फोन आला. गेली अकरा वर्षं मी आमच्या मोहल्ल्याच्या शिष्यवृत्ती समितीत आहे. फोनवरच्या गृहस्थांचं म्हणणं असं की यंदा मी जरा बाजूला राहिलेलं बरं. "लोग बाताँ कर रहे हैं."

आणि त्याच दुपारी, त्याच टेबलावर, माझा पंचवीस वर्षांचा मित्र मला म्हणाला होता, "अरे, एक घोट घेतलास तर काय होणार आहे? इतका शिकलेला माणूस तू!"

म्हणजे एकाच दिवसात मी दोन परीक्षांना बसलो आणि दोन्हींत नापास झालो. एका परीक्षकाच्या मते मी पुरेसा मुसलमान नाही आणि दुसऱ्याच्या मते जरा जास्तच आहे. आज दोघांच्याही उत्तरपत्रिका मला तपासायच्या आहेत.

आधी ते बेट. त्याचं नाव पॅन्टेलेरिया. देश इटली, प्रांत सिसिली, पण नकाशात पाहिलं तर ट्युनिशियाचा किनारा सिसिलीपेक्षा जवळ. ज्वालामुखीतून वर आलेलं, काळ्या दगडाचं आणि सतत वाऱ्याचं. स्थानिक लोक सांगतात की बेटाचं नाव अरबी 'बिन्त अल-रियाह', म्हणजे वाऱ्याची मुलगी, यावरून आलं. त्यावर वाद असू शकतो, पण गावांच्या पाट्या वाचत गेलं की वाद संपतो. खम्मा, गादिर, बुक्कुराम, रेखाले. इटलीत फिरतोय की कुठल्या अरब मुलखात, असा प्रश्न पडावा.

आम्ही पाच मित्र सिसिली पाहायला गेलो होतो. त्रापानीहून बोटीने या बेटावर आलो. इथली एक दिवसाची वाईन सहल सगळ्यांनी आधीच ठरवली होती. बाग पाहायची, वाळवण पाहायचं, मग चव घ्यायची. मी पैसे भरून, समजून-उमजून गेलो. फसवून कोणी नेलं नाही, हे आधीच सांगतो.

बाग पाहिली आणि मी थक्क झालो. मी तासगावचा. द्राक्षबाग म्हणजे लोखंडी अँगल, तारा आणि डोक्यावर मांडव, हे माझ्या डोळ्यांत बसलेलं. इथे वेल गुडघ्याइतकाही उंच नाही. वाऱ्याने मोडू नये म्हणून जमिनीत खळगा करून त्यात लावतात आणि झुडपासारखा छाटून ठेवतात. तो आडोशाला राहतो आणि जे थोडं पाणी मिळतं ते मुळाशी टिकतं. वाकून, जवळजवळ रांगत छाटणी आणि तोडणी करायची, यंत्र चालणं अशक्य. ही लागवडीची रीत २०१४ साली युनेस्कोने जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

द्राक्षाच्या जातीचं नाव झिबिब्बो. गाइडने विचारलं, "हा शब्द कुठून आला, कोणाला ठाऊक आहे?" मला ठाऊक होतं. अरबी 'जबीब', म्हणजे बेदाणा. ऑगस्टमध्ये तोडलेले घड उन्हात पसरून वाळवतात आणि तो बेदाणा ताज्या द्राक्षांच्या आंबणाऱ्या रसात घालतात. त्यातून तयार होते ती पासितो, घट्ट, मधाच्या रंगाची गोड वाईन.

इथे एक गोष्ट कबूल करतो. ग्लास समोर आला तेव्हा मी तो उचलला नाही, पण वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता. माझी अम्मी तासगावात बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जायची. काड्या, काळे दाणे, फुटके दाणे बाजूला काढायचे, दिवसभर मांडी घालून. संध्याकाळी घरी आली की तिच्या ओढणीला तो वास असायचा. भूमध्य समुद्रातल्या बेटावर मला माझी अम्मी आठवली, तीही वाईनच्या ग्लासातून! ज्यांना यात गुन्हा दिसतो त्यांनी खुशाल पाहावा.

मी गाइडला म्हणालो, मला वाईन नको, तो बेदाणा देता का? बाई क्षणभर गोंधळली, मग हसून वाटीभर घेऊन आली. आपल्या बेदाण्यापेक्षा मोठा, काळपट आणि बियांचा. मी तो खाल्ला. बाकीच्यांनी चव कशी घ्यायची ते शिकून घेतलं. आधी रंग पाहायचा, मग वास, मग तोंडात घोळवायचं आणि हवं तर थुंकायचं. त्यासाठी टेबलावर चक्क पिकदाणी असते. मित्राला युक्ती सुचली, "गिळू नकोस, थुंक. मग तर तुझ्या धर्माला चालेल?" सगळे हसले, मीही हसलो. पण तो वाक्याला थांबला नाही. दुसऱ्या ग्लासाला पुन्हा, तिसऱ्याला पुन्हा. वाईन म्हणजे दारू नव्हे. ही संस्कृती आहे. आणि शेवटी, "तुझ्यासारख्यांनीच पुढे व्हायला पाहिजे."

आता या मित्राशी बोलतो. तुझे वडील माळकरी आहेत. मी तुमच्या घरी कितीदा जेवलो आहे. पंगतीत कोणी त्यांना "काका, एक मटणाचा तुकडा घ्या, काय होतंय," असं कधी म्हटलं का? नाही. "त्यांना माळ आहे," एवढं सांगितलं की आग्रह थांबतो. त्यात आपल्याला त्यांचा निग्रह दिसतो, मागासलेपण दिसत नाही. जैन मित्र कांदा नाकारतो तेव्हा आपण वेगळी भाजी टाकतो. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा अण्णा हजारे उपोषणाची भाषा करत उभे राहिले. त्यांना कोणी कट्टर म्हटलं नाही. मग मी ग्लास बाजूला सारला की त्यात तुला माझा धर्म, माझा देश, माझं शिक्षण आणि माझ्या बायकोचा बुरखा असं सगळं एकदम का दिसू लागतं? माझी बायको तर बुरखा घालतही नाही!

तुला पुरोगामी मुसलमान हवा आहे आणि त्याचा पुरावा म्हणून एक घोट हवा आहे. हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढला, तो तोंडी तलाकच्या विरोधात आणि समान हक्कांसाठी. सुधारणा मोजायची तर त्या मापाने मोजू. माझ्या मुलीच्या नावावर जमीन आहे का, हे विचार. पिकदाणीने माझं पुरोगामीपण मोजू नकोस.

आणि आपला इतिहास बघ. इब्न जुबैर नावाचा एक कातिब १२ व्या शतकात ग्रॅनाडाच्या सुभेदाराकडे नोकरीला होता. त्याच्याबद्दल अशी कथा सांगतात की सुभेदाराने त्याला वाईन देऊ केली, तो नाही म्हणाला, तेव्हा जबरदस्तीने सात पेले पाजले. सुभेदारही मुसलमानच होता. नंतर त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने तोच पेला सात वेळा सोन्याच्या दिनारांनी भरून दिला. त्या पैशांतून इब्न जुबैर ११८३ साली हजला निघाला. परतताना ११८४ च्या अखेरीस त्याचं जहाज सिसिलीत, मेसिनाजवळ फुटलं. राजा विल्यम दुसरा ख्रिस्ती होता. बुडत्या जहाजावरच्या गरीब मुसलमानांकडे किनाऱ्यावर यायचं भाडं नव्हतं, ते राजाने भरलं. हे इब्न जुबैरने स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. तिथल्या मुसलमानांवर धर्म सोडण्यासाठी येणारा दबावही त्याने लिहिला आहे. पुढच्या शतकात ते सिसिलीतून उखडून लुचेरात नेले गेले आणि १३०० साली ती वस्तीही संपवली गेली. उरले ते शब्द. बाटलीवरच्या चिठ्ठीवर छापायला ते फार सुंदर दिसतात.

म्हणून 'एक घोट घे' हे वाक्य मला नुसतं पाहुणचाराचं वाटत नाही. पाजण्याची बळजबरी आणि न पिण्याची बळजबरी या एकाच घरच्या बहिणी आहेत. जो नकार मी स्वतः देतो तोच माझा.

आता आपल्या लोकांकडे वळतो, कारण तिकडचं दुखणं मोठं आहे.

तुमच्या आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दारू फिरवली जाते त्या दस्तरखानावर बसू नये, अशी हदीस आहे. मलाही ती माहीत आहे. मी बसलो. माझ्याकडे त्याचं चोख उत्तर नाही. कुतूहल होतं, मित्रांची सोबत सोडवेना, आणि तो वेल मला पाहायचा होता. याचा जाब मला द्यावा लागेल, पण तो कुणापुढे, हेही मला माहीत आहे. कोणी घरी येऊन, चहा घेऊन, "हे बरं नाही झालं" म्हणालं असतं तर मी मान खाली घालून ऐकलं असतं. तुम्ही मात्र फोटो पाहिला आणि निकाल दिला. एकानेही विचारलं नाही, "भाई, पी थी क्या?"

आपल्या फिकहचा अभिमान आपण सांगतो. मग त्या फुकहांची रीत तरी बघा. वाईन करणाऱ्याला द्राक्षाचा रस विकावा का, यावर इमाम अबू हनीफांनी परवानगीचं मत दिलं आणि त्यांच्याच दोन मोठ्या शागिर्दांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी, ते नापसंत ठरवलं. कोकणातल्या आमच्या शाफई भावांकडे मत आणखी कडक. पण प्रश्न काय, माल काय, नीयत काय, हे विचारल्याशिवाय कोणी बोललं नाही. शराब हरामच, यात मतभेद नव्हता. मतभेद होता तो माणसाला कुठवर जबाबदार धरायचं यावर. आपण त्या इमामाचे मुकल्लिद म्हणवतो आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन मिनिटांत फैसला करतो.

खरा मुद्दा पुढेच आहे. त्या दिवशी गाइडने वेल, वारा, माती, अरब, नॉर्मन सगळं सांगितलं. वाकून तोडणी कोण करतं, हे मी विचारलं तेव्हा उत्तर आखूड झालं. इटलीच्या शेतांत मजूर पुरवणाऱ्या माणसाला 'कापोराले' म्हणतात. आपला मुकादमच तो! २०१५ च्या जुलैत इटलीच्या दक्षिणेला, अपुलियात, द्राक्षाचे घड विरळ करताना पाओला क्लेमेन्ते ही ४९ वर्षांची मजूर स्त्री बागेतच कोसळून मेली. ती मुसलमान नव्हती, बाहेरून आलेली नव्हती, इटालियनच होती. मोठा गदारोळ झाला आणि २०१६ मध्ये मुकादमी शोषणाविरुद्ध १९९ क्रमांकाचा कायदा आला. ज्या ट्युनिशियातून हे 'जबीब' आलं असं चिठ्ठी सांगते, तिथून आज लहान होड्यांत बसून पोरं याच बेटाच्या किनाऱ्याला लागतात. त्यांच्यासाठी सहल नसते, छावणी असते.

मग मला सांगा, द्राक्षातलं हराम नक्की कुठे सुरू होतं? रस आंबल्यावर, की त्याच्या कितीतरी आधी, मजुराचा रोज बुडवला तेव्हा?

रात्री फोन करणारे गृहस्थ बेदाण्याच्या धंद्यात आहेत. नाव घेणार नाही. गरजही नाही, कारण असा माणूस आपल्या प्रत्येक गावात सापडेल. पाच वक्तांचे नमाजी, दरवर्षी रमजानमध्ये शिष्यवृत्तीला मोठी रक्कम देणारे. त्यांच्या शेडमध्ये निवडायला बसणाऱ्या बायकांचा तीन आठवड्यांचा रोज थकलेला आहे. मला हे कसं ठाऊक? त्यातल्या एका खालाची मुलगी यंदा आमच्याकडे अर्ज घेऊन आली. अर्जावर कारण लिहिलं होतं, "आईची मजुरी मिळाली नाही." आम्ही तिला जे पैसे देणार, त्यात याच मालकाचे पैसे असणार. म्हणजे मजुरी रोखायची, मग तीच खैरात म्हणून द्यायची आणि वर आभार घ्यायचे! घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही शिकवणही त्याच रसूलची आहे ज्यांनी शराब मना केली. एक हुकूम पाठ आणि दुसरा विसरला, असं का होतं? पहिला पाळायला आपल्यापैकी बहुतेकांना काहीच खर्च येत नाही म्हणून. ज्या घरात कधी बाटली आलीच नाही, तिथे न पिणं ही सवय असते. ती चांगली सवय आहे, माझीही आहे. पण तिच्या जोरावर तकव्याचं प्रशस्तिपत्र मागता येत नाही. आपल्या ईमानाची परीक्षा खिशापाशी होते आणि तिथे आपण गैरहजर असतो.

समितीतून बाजूला व्हायला मी तयार आहे. खुर्चीचा मला मोह नाही. पण येत्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. ज्याच्याकडे कामगारांचा रोज थकला आहे त्याची देणगी, थकबाकी चुकती होईपर्यंत, समितीने घेऊ नये. तो मंजूर करा आणि मग माझा राजीनामा हवा तर खुशाल घ्या. माझा फोटोही मी बैठकीला घेऊन येईन, आणि सोबत त्या मुलीचा अर्ज. दोन्ही टेबलावर ठेवू. कोणत्या कागदावर आधी बोलायचं ते तुम्ही ठरवा.